पडलेलं गाणं

लहानूकाका येणार हे नक्की झालं, तशी आमच्या मायनं शनिवारपासूनच फरशी घासायला घेतली. अठरा वर्षांत त्या माणसानं आमचा उंबरा ओलांडला नव्हता. कामठीहून नागपुरात इंदोऱ्याला यायला बसनं अर्धा तास लागतो, फार तर पाऊण. एवढ्या वेळात माणूस येऊन, चहा पिऊन, दोन गोष्टी करून परतही जातो. पण आमच्या बाबूजींना आणि त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाला ते अंतर काही कापता आलं नाही.

भांडण म्हणाल तर काहीच नव्हतं. भांडण असतं तर कोणी मध्ये पडून मिटवलं तरी असतं. लग्नात, मयतीत, दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर दोघं भेटायचे, एकमेकांना "जयभीम" म्हणायचे, आणि त्यानंतरचं सगळं बोलणं आमच्या सिंधूआत्यामार्फत चालायचं. "सिंधू, त्याले सांग, प्रेमिलाचं लग्न ठरलं." "सिंधू, त्याले सांग, ऐकलं म्हणा." दोघांमध्ये चार हातांचं अंतर, आणि आत्या बिचारी त्यांची पोस्टमन. प्रेमिला म्हणजे मीच. माझं लग्न माझ्या काकाला असं कळलं.

कारण होतं एक गाणं.

आमच्या आजानं, रामाजीनं, एक गायन पार्टी काढली होती. तो गेल्यावर तिच्या दोन झाल्या. इंदोऱ्याची पार्टी बाबूजींची, म्हणजे आनंदरावांची, आणि कामठीची लहानूकाकाची. आता कोणाला सांगून खरं वाटत नाही, पण तेव्हा जयंतीच्या दिवसांत ज्या मोहल्ल्यात मुकाबला नाही तो मोहल्लाच नव्हे. समोरासमोर दोन स्टेज. इकडे पेटी, ढोलक, बेंजो, तिकडेही तेच, आणि मध्ये सतरंज्यांवर खचाखच माणसं. आधी बाबासाहेबांची गाणी व्हायची, तेव्हा म्हातारेकोतारे डोळे पुसायचे. मग बढाईची पाळी यायची आणि तेच म्हातारे सरसावून बसायचे. बढाई म्हणजे आपली तारीफ करायची आणि समोरच्याचं नाव घेऊन त्याची इज्जत काढायची, तालात, यमकात आणि एका दमात. आठ ओळी होईपर्यंत श्वास घ्यायचा नाही. दम तुटला किंवा शब्द अडला की गाणारा पडला, आणि त्याच्याबरोबर त्याचं गाणंही पडलं. पडलेलं गाणं मग त्या घरात कोणी म्हणायचं नाही, जिंकणारा आपल्या तोंडानं परत देईपर्यंत. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण तोवर मी कोणाला मोडताना पाहिलं नव्हतं.

अडुसष्ट साली कामठीच्या लोकांना गंमत सुचली आणि त्यांनी भावासमोर भाऊ उभा केला. मी आठ वर्षांची, आत्याच्या मांडीवर. बाबूजींचा काळा कोट मला अजून दिसतो. त्यांनी कानावर हात ठेवला आणि सुरू केलं:

आला रे आला इंदोऱ्याचा मेल,
ना याले सिग्नल, ना याले बेल;
माह्या तोंडात मिलचा भोंगा, वाजला तं उठते अर्धं शहर,
नुसता मी खाकरलो, तं उतरते भल्याभल्याचं जहर;
पेटी मले सलाम करते, ढोलक धरते पाय,
ज्यानं मले ऐकलं नाही, त्यानं ऐकलं तरी काय?
लहान्या, तू कामठीले जाय, मागावर विण धोतर,
माह्यापुढं उघडा पडशील, मंग झाकाले पुरन का अस्तर?

ही आठवी ओळ त्या दिवशी कोणी ऐकलीच नाही. "लहान्या, तू कामठीले जाय" इथं बाबूजींचा दम तुटला. ते खोकायला लागले. लोकांना वाटलं, हीसुद्धा नक्कलच आहे, म्हणून लोक हसले. बाबूजी मिलच्या कार्डिंग खात्यात होते. तिथं कापूस हवेत उडतो आणि माणसाच्या छातीत जाऊन बसतो. दोन महिन्यांपासून खोकला होता आणि हा माणूस मायलासुद्धा गुळण्या करतो म्हणून फसवत होता. आयोजकांनी घाईघाईनं काकाच्या गळ्यात हार टाकला. बाबूजी स्टेजवरून उतरले, घरी आले, पेटी माळ्यावर टाकली, आणि त्यानंतर आमच्या घरात त्यांचा आवाज फक्त भाजीत मीठ कमी आहे हे सांगण्यापुरता उरला.

थोरल्यानं हरल्यावर धाकट्याकडे कसं जायचं, हे बाबूजींचं. मी काही चुकलो नाही, मग मी काहून जाऊ, हे काकाचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि दोघांच्याही बरोबर असण्याचा मला आजही राग येतो.

शहाऐंशीत माझी धाकटी बहीण जया बावीस वर्षांची होती. तिचा दम मोठा. तान्हेपणी रडायला लागली की निळी पडेपर्यंत श्वास घ्यायची नाही, माय घाबरून पाठ थोपटायची. महिला गायन पार्टीत गात होती. तिची पहिली कॅसेट निघायची होती, दसऱ्याला दीक्षाभूमीवर विकायची. सात गाणी बाबासाहेबांची आणि रमाईची, आणि आठवं ही बढाई. आत्यानं ती तालमीत पुरी ऐकलेली, तिनंच जयाला गुपचूप शिकवली होती. भांडी घासताना शिकवली, म्हणे, नळाच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही.

स्टुडिओतून रेकॉर्डिंगची पट्टी आणून तिनं घरी टेपवर लावली तेव्हा मी सुट्टीला वर्ध्याहून आलेली होते. बाबूजी दाराशी खाटेवर बसले होते. मिल सोडून त्यांना सहा वर्षं झाली होती. गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत. मला वाटलं, आता टेप फेकून देतात. पण ते हळू आवाजात म्हणाले, "लहान्याले विचारा. तो हो म्हणाला तं निघू द्या. नाही म्हणाला तं हे गाणं पुसून टाका." आणि तोंड भिंतीकडे केलं. जयानं रागानं टेप बंद केला आणि उठून आत गेली. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "ताई, बाकीचे सात गेले तं जाऊ दे. मले हेच पाह्यजे. बाबूजीच्या नावाचं माह्याजवळ दुसरं काय हाय?" त्या माणसाकडून आम्हा दोघींना मिळालं होतं ते एवढंच, आणि तेही हरलेलं.

कॅसेटवाल्याला सोमवारी पट्टी पाहिजे होती. म्हणून आत्या स्वतः कामठीला गेली आणि काकाला रविवारी दुपारी येतो असं कबूल करून आली.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगते, लपवून काय करू. मी शाळेत मास्तरीण. रेकॉर्डिंगच्या आधी जयानं मला पत्रानं विचारलं होतं की सातवी ओळ ठेवू का. मी लिहिलं, वेडी आहेस का, काकाचं नाव घेऊन त्यांचं धोतर काढशील तर ते जन्मात हो म्हणतील का? बदल ती. मीच बदलून पाठवली: "कोणी बी येवो, कुठला बी येवो, घेऊन आपलं दप्तर". यमक जुळलं म्हणून मी स्वतःवर खूशसुद्धा झाले होते.

रविवारी सकाळीच गिरिधर रिक्षात टीव्ही आणि व्हीसीआर घालून आला. गिरिधर आत्याचा मुलगा, जरीपटका बाजारातल्या एका दुकानातर्फे लग्नाच्या शूटिंगा करायचा. गाण्याचा व्हिडिओ काढायचं खूळ त्याचंच. स्टॉलवर टीव्ही लावला की गर्दी तुटून पडते, असं त्याचं म्हणणं. चार दिवस तो आणि जया कॅमेरा घेऊन मोहल्ल्यात फिरत होते आणि आम्हाला एक फ्रेम दाखवत नव्हते.

काका आला तो शामलाकाकूला घेऊन, बरोबर दोन वाजता. केस काळे केलेले, पायात नवी चप्पल. पॉवरलूमच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे बोलायचा मोठ्यानं. दारात दोघा भावांचं "जयभीम" झालं. काका खुर्चीवर बसला, बाबूजी खाटेवर, आत्या सवयीनं दोघांच्या मध्ये.

"सिंधू, तब्येत कशी हाय विचार," काका म्हणाला.

"चांगली हाय म्हणा," बाबूजी म्हणाले. तेवढं बोलताना छातीतून शिट्टी वाजली आणि काकानं नजर टीव्हीकडे नेली. मायनं चहा आणला. जया कोपऱ्यात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून तिनं त्याची दोरी केली होती.

गिरिधरनं कॅसेट सरकवली. आधी पडद्यावर मुंग्या आल्या, मग एक मोठा लाल बदाम आला, आणि बदामातून जया बाहेर आली. लग्नाच्या कॅसेटीत नवरी येते तशी. अंगात बाबूजींचा तोच काळा कोट, डोळ्यावर काळा गॉगल. "आला रे आला" म्हणत ती रेल्वेच्या पुलावर उभी आणि खालून खरीच गाडी चाललेली. "ना याले बेल" म्हणताना ती संत्र्याच्या हातगाडीवर, दोन्ही हात पसरून, आणि गाडीवाला मागून ढकलतोय, कॅमेऱ्याकडे बघून लाजतोय. "ढोलक धरते पाय" म्हणताना सार्वजनिक नळावरच्या बाया घागरी उपड्या करून वाजवतायत. मध्येच आमची माय झाडू घेऊन कॅमेऱ्यावर धावून येते, तेही ठेवलेलं. माय लाजून आत पळाली आणि दाराआडून पाहू लागली. शामलाकाकू तोंडाला पदर लावून हसत होती. बाबूजींकडे पाहिलं तर ते कोटाकडे पाहत होते.

आणि मग सातवी ओळ आली. "कोणी बी येवो, कुठला बी येवो" म्हणत जया बोट दाखवते, आणि कॅमेरा वळतो तर शेजारच्या गोपिकाबाईंचा बोकड. डोक्याला गुलाबी फेटा, गळ्यात बेंजो. नागपूर ते कामठी गुलाबी फेटा बांधून गाणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या घरात खुर्चीवर बसला होता.

गिरिधरनं पुढं मला सांगितलं, "ताई, चार दिवस मले काहूनच नाही सुचलं का हे मामा पाह्यणार हाय? बोकडाले फेटा बांधाच्या नादात मी मामालेच विसरलो." आत्यानं कपाळावर हात मारला. बोकड पडद्यावर फेट्याचं टोक चघळत होता. गाणं संपलं, पुन्हा मुंग्या आल्या, आणि कोणी टीव्ही बंद करायला उठेना.

काका म्हणाला, "मागं घे."

गिरिधरनं मागं घेतलं. बोकड पुन्हा आला. आणि काका हसला. असा हसला की त्याची खुर्ची हलली. "अबे, हा तं हुबेहूब मीच हाय," म्हणाला. "फेटा बी बरोबर बांधला. कोणं बांधला?" आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. जयानं पदराची दोरी सोडली. आत्या तर चहाचे कप गोळा करायला लागली, काम झालं म्हणून.

"पुन्हा मागं घे," काका म्हणाला. "आता मले पाहाचं नाही, ऐकाचं हाय."

तिसऱ्यांदा ऐकताना त्याचा चेहरा उतरला. ओळ संपली तसा तो सरळ बसला. "सिंधू," तो म्हणाला, "माहं नाव कुठं हाय?"

मी पुढं झाले. म्हटलं, काका, ते मी काढायला सांगितलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. कॅसेट हजार घरांत वाजेल, तिथं थोरामोठ्यांचं नाव असं घेणं बरं नाही. शाळेत पालकांशी बोलते त्या आवाजात मी हे सगळं बोलले. काकानं मला पूर्ण बोलू दिलं.

"वाईट," तो म्हणाला. "बाई, तू शिकलेली हायस. बढाईत ज्याचं नाव घेतलं त्याले शिवी नाही भेटत, मान भेटते. जो टक्करचा हाय त्याचंच नाव घेते माणूस. कोणी बी येवो, कुठला बी येवो. म्हणजे मी कोणी बी झालो का? बोकडाले फेटा बांधला अन् मले काढून टाकलं. मेलो का मी?"

मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. अठरा वर्षं आमच्या घराशी त्याचं नातं त्या एका ओळीनं होतं, आणि ती मी दप्तर घालून बुजवली होती.

"मी हे गाणं देत नाही," काका म्हणाला आणि चप्पल पायात घालायला लागला.

आमच्या घरात एकदम दोन पार्ट्या झाल्या. सकाळपासून जयाची वकिली करणारी आत्या उठून काकाच्या बाजूला गेली आणि मला म्हणाली की तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव, आमच्या भावाचं नाव काढणारी तू कोण. तिकडून माय, जी लग्न होऊन आल्यापासून दिरासमोर मोठ्यानं बोलली नव्हती, ती दाराआडून बाहेर आली आणि म्हणाली की पोरीनं मन दुखू नये म्हणून केलं, त्यात कोणता गुन्हा झाला. शामलाकाकू नवऱ्याला सोडून मायच्या शेजारी जाऊन उभी राहिली. जया सगळ्यांच्या मधून काकासमोर आली. तिनं सांगितलं की उद्या सकाळी स्टुडिओत जाते, ओळ जशी होती तशी पुन्हा गाते, पट्टी दुपारी देते.

काका थांबला. पण मान हलवली. "तू गाशील तं गाशील, पोरी. पण ते नाव मले तुह्या तोंडून नको. सिंधू, त्याले सांग. ज्यानं घेतलं होतं अन् अर्ध्यात सोडलं, त्यानं घ्यावं. पुरं घ्यावं. मंग मी पाहीन."

सगळे बाबूजींकडे वळले. आत्यानं काही सांगायची गरज नव्हती. ते भिंतीला टेकून बसले होते, हात गुडघ्यांवर. डॉक्टरनं जिना चढायचीसुद्धा मनाई केली होती. माय म्हणाली, नका. जया म्हणाली, राहू द्या बाबूजी, नाही निघाली कॅसेट तर नाही निघाली. आणि हे म्हणताना तिला रडू फुटलं, कारण तिला ते अजिबात खरं वाटत नव्हतं.

बाबूजी नंतर मायला म्हणाले होते की त्या वेळी मला दम्याची भीती नव्हती. आठवी ओळ लोकांसमोर कधी म्हटलीच नव्हती, ती तोंडातून कशी निघेल याची भीती होती. ते खाटेची दोरी धरून उभे राहिले. उजवा हात कानावर गेला. मी आठ वर्षांची असताना पाहिलेला तोच हात, फक्त आता हाडं दिसत होती.

"एका दमात नाही होणार," ते म्हणाले. आत्याला नाही, काकाला.

"तीन दमात म्हण," काका म्हणाला. तोही आत्याला नाही.

बाबूजींनी पहिल्या सहा ओळी सोडून दिल्या. थेट सातवी घेतली.

"लहान्या," म्हणाले आणि थांबले. श्वास घेतला, तो आत जाताना सगळ्यांना ऐकू आला. "तू कामठीले जाय, मागावर विण धोतर." पुन्हा थांबले. काका त्यांच्या तोंडाकडे असा पाहत होता, जणू ते त्याला काही वाढतायत. "माह्यापुढं... उघडा पडशील, मंग झाकाले पुरन का अस्तर?"

शेवटचा शब्द जवळजवळ हवेतच गेला. बाबूजी खाटेवर बसले, छाती धरून. माय पाणी घेऊन धावली. आणि लहानूकाका दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत असताना म्हणाला, "वा. काय बांधलं होतं गा दादा. टीव्हीत अस्तर ऐकलं, पण धोतराबिगर त्याले अर्थच नव्हता; खरी आठवी मी आता ऐकून राहिलो. अठरा वर्ष झाले, मी विचार करतो, याच्या पुढं यानं काय ठेवलं असन."

बाबूजींना बोलता येत नव्हतं. त्यांनी हातानंच, बस, अशी खूण केली.

पण काका बसला नाही. म्हणाला, त्या दिवशी हार माझ्या गळ्यात घातला, तो खोटा होता. मी जवाब दिलाच नव्हता. जवाब दिल्याशिवाय कोणी जिंकतं का? माझा जवाब तयार होता, जिभेवर होता, आणि दादा उतरून निघून गेला. आज तुझं झालं, आता माझं ऐक. आणि आमच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्हीसमोर, माझा पंचावन्न वर्षांचा काका नवी चप्पल काढून अनवाणी उभा राहिला, कानावर हात ठेवला. आवाज असा लागला की शेजारच्या गोपिकाबाई भिंतीपलीकडून "कोण आलं वं?" म्हणून ओरडल्या.

दादा माहा मेल हाकते, कोळसा नाही इंजनात

आणि थांबला.

आम्ही पुढच्या ओळीची वाट पाहत राहिलो. बाबूजी अजून धापा टाकत होते, मायचा हात त्यांच्या पाठीवर होता. काका त्यांच्याकडे पाहत उभा. तोंड उघडलं, मिटलं. गिरिधरनं ढोलकाऐवजी मांडीवर धरलेला ताल दोनदा येऊन रिकामा गेला. काकानं कानावरचा हात खाली घेतला.

"विसरलो," तो म्हणाला.

आत्या म्हणाली, आठव गा, अठरा वर्षं जपून ठेवलं म्हणतोस. काका म्हणाला, नाही येत. शब्द गेला.

बाबूजींनी मान वर केली. श्वास पुरता परतला नव्हता, पण डोळ्यांत काहीतरी आलं होतं, जे मी लहानपणी स्टेजवर पाहिलं होतं आणि नंतर कधीच नाही. "शब्द अडला," ते म्हणाले. "मंग पडला तू, लहान्या."

"पडलो गा दादा," काका म्हणाला. "घे तुहं गाणं."

जया मटकन खालीच बसली. आत्या दोन्ही भावांना शिव्या द्यायला लागली, तुमच्यापायी माझे पाय झिजले म्हणून, आणि शिव्या देता देता रडायला लागली. काका खाटेवर बाबूजींच्या शेजारी बसला. मायनं दुसऱ्यांदा चहा टाकला. दोघं भाऊ मग व्हिडिओ पुन्हा पाहत बसले, आणि बोकडाच्या फेट्याची गाठ उलट बांधली आहे की सुलट यावर वाद घालत राहिले, आत्याला मध्ये न घेता. दुसऱ्या दिवशी सकाळी जयानं स्टुडिओत जाऊन ती बढाई एका दमात म्हटली, नावासकट. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आमच्या स्टॉलसमोर ही गर्दी. लोक बोकडाला हसायचे आणि लहानूकाका बाजूला उभा राहून सांगायचा, "हा मीच हाय."

तो टीव्ही, तो व्हीसीआर, मुंग्या, बदाम, सगळं कुठल्या कुठे गेलं. व्हिडिओच्या पट्टीला बुरशी लागली आणि ती लावायला आता यंत्रही मिळत नाही. बाबूजी पुढच्या उन्हाळ्यात गेले. मरणाआधीचे ते आठ महिने काका दर रविवारी यायचा. नंतर काकाही गेला. त्यानंतर मी एकदा कामठीला गेले होते तेव्हा शामलाकाकूनं मला त्या दिवशीच्या परतीच्या बसची गोष्ट सांगितली.

काकू फार चिडलेली होती. सगळ्यांसमोर नवरा पडला आणि वर हसतोय. इंदोऱ्याच्या चौकात बस मिळाली, बसायला जागा मिळाली, तेव्हा तिनं विचारलं की आज सकाळीच तर आंघोळ करताना तुम्ही पुरा जवाब म्हटला. रोज म्हणता. मागावर म्हणता, झोपेत म्हणता. मला पाठ झाला आणि तुम्ही कसे विसरलात? काका खिडकीबाहेर पाहत राहिला. त्याला लाज वाटावी म्हणून मग काकू स्वतःच म्हणायला लागली, हळू आवाजात, त्याच्या कानाशी:

दादा माहा मेल हाकते, कोळसा नाही इंजनात,
दोन ठेसनं गेला नाही, तं धाप लागली...

"अन् तिथं माहं तोंड बंद झालं वं, प्रेमिला," काकू म्हणाली. "मले तुहे बाबूजी खाटेवर दिसले, छाती धरून."

बसमध्ये काकानं तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

"नाही म्हणता आलं वं मले," एवढंच बोलला.